काकवीच्या पाण्यातलं लोखंड

कळसमध्ये दगडाबाईचं घर विचारत जायची गरज पडत नाही, नाकच वाट दाखवतं. गावाबाहेरच्या शेवटच्या वळणावर आलं की एक आंबूस गोड वास येतो, उन्हात जरा जास्तच. नवखा माणूस हळूच विचारतो, इथं हातभट्टी आहे काय? हातभट्टी कसली कर्माची! अंगणात लिंबाखाली एक लोखंडी पिंप आडवं कापून ठेवलंय. त्यात गुऱ्हाळावरची बिघडलेली काकवी पाण्यात कालवलेली असते, आणि त्या काळ्या पाण्यात जुन्या जीपगाड्यांचे पार्ट भिजत पडलेले असतात.

ही युक्ती तिची तिनंच शोधून काढली. एकदा गंजलेला कोयता काकवीच्या डब्यात पडला आणि तसाच राहिला. पंधरा-वीस दिवसांनी सापडला, तर गंज गायब, लोखंड नव्यासारखं. काकवी गंज खाते, लोखंडाला हात लावत नाही. बारामतीच्या इस्माईलभाईंना हे कळलं तेव्हा ते स्वतः बघायला आले. त्यांचा धंदा जुन्या जीप विकत घ्यायचा, पार शेवटच्या बोल्टापर्यंत खोलायचा आणि नव्यासारख्या करून हौशी लोकांना द्यायचा. त्या दिवसापासून साफसफाईचं सगळं काम दगडाबाईच्या अंगणात यायला लागलं. ग्रीस डिझेलनं धुवायचं, रंग कास्टिकच्या गरम पाण्यात उतरवायचा, गंज काकवीत सोडायचा, आणि मग तारेच्या ब्रशानं घासत बसायचं. कास्टिकनं तिच्या मनगटांवर पांढरे डाग पडलेत. हातमोजे आहेत हो, इस्माईलभाईंनीच आणून दिलेत, पण बाई घालील तर शपथ! हाताला कळत नाही म्हणते.

आता खरी गोष्ट. पार्ट पिंपात सोडायच्या आधी ती त्याला हळदकुंकू लावते आणि विचारते, "माणूस घेतलंस का?"

हसू नका. आम्हीही हसलो होतो. तिचं म्हणणं असं, की लोखंड काकवीत गेलं की दुसऱ्या दिवशी फेस धरतं. ज्या गाडीनं माणूस मारलंय, तिचं लोखंड फेस धरत नाही, पाणी नुसतं काळं शांत राहतं. एका उन्हाळ्यात स्टिअरिंगचा एक दांडा पाच दिवस तसाच पडून राहिला, एक बुडबुडा नाही. तिनं तो पुसून, फडक्यात गुंडाळून परत पाठवला. इस्माईलभाईंनी मागची चौकशी केली, तर ती जीप कालव्यात गेलेली निघाली, आत चार माणसं. तेव्हापासून इस्माईलभाई चेष्टा करत नाहीत. दगडाबाईनं परत पाठवलेला पार्ट ते भंगारातसुद्धा वेगळा ठेवतात.

आणि बाई नुसती पोटासाठी ह्या कामाला चिकटली असं कुणी समजू नये. ती शोधत होती. अंगणात आलेली प्रत्येक जीप ती नवऱ्याची म्हणून तपासायची.

नवरा महिपती. बारामती ते कळस, कधी पुढं इंदापूर, अशी सीटा भरून नेणारी वडापची जीप चालवायचा. हिरव्या रंगाची जुनी जीप, कागद पहिल्या मालकाच्याच नावावर राहिलेले. माणूस बोलका, हसरा, दहाचं पॅसिंजर असलं तरी सोळा बसवणारा. एके दिवशी सकाळी म्हणाला, गिअरबॉक्स आवाज करतोय, बारामतीला दाखवून येतो. गेला तो गेलाच. जीप नाही, माणूस नाही. पोलिसात वर्दी दिली, विहिरी बघितल्या, कालवा बघितला, मोरगावच्या गणपतीला नवस झाले, देवऋषी झाले. सोनम तेव्हा आठ वर्षांची होती. ह्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

बारा वर्षं ती कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावत होती. कुणी काही बोललं की एकच उत्तर, "ते जिते हायती." त्याच्यावर पुढं चर्चा नाही.

पण बारा वर्षं म्हणजे तप झालं. बारा वर्षं माणसाचा पत्ता नाही तर त्याला मेला समजतात, आणि त्याचं रीतीनं सगळं करतात. पळसाच्या पानांचा पुतळा बांधायचा, तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ, अंगात त्याचाच एखादा जुना कपडा. मग त्याच्या नावानं अग्नी द्यायचा. थोरले दीर मोहनराव वर्षभर हाच विषय घेऊन बसले होते. सोनमचं लग्न इंदापूरच्या मुलाशी ठरत होतं, आणि मुलाकडची माणसं सरळ विचारत होती, पत्रिकेत बापाच्या नावामागं 'श्री' लावायचं की 'कै'? काय चुकलं त्यांचं? त्यांनाही चार लोकांत उत्तर द्यायचं असतं. मोहनराव माणूस वाईट नव्हता. भावासाठी त्यानंही पायाचे तुकडे पाडले होते. पण तो थकला होता, त्याला एकदाचं रडून मोकळं व्हायचं होतं.

गुरुजींनी अट घातली. बायकोचा होकार पाहिजे, आणि अग्नी द्यायच्या वेळी ती समोर पाहिजे. म्हणजे सगळी गाडी अडली होती ती दगडाबाईपाशी.

ती का अडवत होती, तेही ऐका. गावातल्या म्हाताऱ्या गेणबा आबांनी तिला एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या तरणेपणी बिरू म्हणून एकजण मिलिटरीत गेला, त्याचं पत्र नाही की काही नाही. घरच्यांनी तपाची वाट बघून पुतळा जाळला. चौथ्या दिवशी तार आली. बिरू तोपर्यंत जिता होता, कुठल्याशा लष्करी दवाखान्यात साध्या पायदुखीसाठी पडलेला. पुतळा जाळला त्याच दिवशी भर दुपारी त्याचं अंग एकाएकी तापलं. पेटलो, पाणी टाका, पाणी टाका असा ओरडत दोन घटकांत गेला. पुतळ्याला अग्नी दिला तीच वेळ. गेणबा आबा ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायचे, आणि शेवटी म्हणायचे, जित्याला जाळू नये.

तेव्हा दगडाबाईच्या जिवाला हा घोर होता. ती नाही म्हणत होती तोवर महिपती कुठंतरी श्वास घेत होता. तिनं मान डोलावली, आणि तो जिता असला, तर त्याला मारणारी तीच. तुमच्या-आमच्यासारख्याला हे खुळ्यासारखं वाटेल, पण बारा वर्षं एका माणसाचा जीव स्वतःच्या जिभेवर सांभाळून बघा, मग बोला.

श्रावण संपायच्या बेतात मोहनराव पुन्हा आले. म्हणाले, येती सोमवारची अमावस्या आहे, गुरुजी रिकामे आहेत, सोनमच्या सासरकडच्यांना आता झुलवत ठेवता येणार नाही. ती पिंपात काठी घालून पाणी ढवळत होती. वर न बघता म्हणाली, शनिवारपर्यंत सांगते. एवढं तरी म्हणाली, ह्याचंच मोहनरावांना नवल वाटलं.

गुरुवारी इस्माईलभाईंचा टेम्पो आला. बाकी किरकोळ होतं, पण एक बॉनेट होतं मोठं, काळ्या रंगाचं. इस्माईलभाईंनी सांगितलं, ह्याचा पत्रा आतून चांगला आहे, फक्त रंग उतरवा, अगदी लोखंडापर्यंत. टेम्पोवाल्यानं बॉनेट लिंबाला टेकवून उभं केलं. दगडाबाईनं हळदकुंकू लावलं. पण बॉनेट पिंपात मावत नाही, त्यामुळं त्याला विचारायची काही सोय नव्हती.

दोन दिवस तिनं त्याला हात लावला नाही. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. घरची कुत्री पिंपाजवळ सावलीला पडायची, ती तिथून उठून चुलीमागं जाऊन बसायला लागली. अंगणात पाठमोरं बसलं की दगडाबाईला वाटायचं, मागून कुणीतरी बघतंय. वळून बघितलं तर लिंबाला टेकलेलं काळं बॉनेट, दुसरं काही नाही. सोनम बारामतीला कॉलेजात गेलेली असायची, तेव्हा हे कुणाला सांगायची सोयही नव्हती. शुक्रवारी तिनं त्याच्यावर पोतं टाकलं. वारं नव्हतं, पान हलत नव्हतं, तरी तासाभरानं पोतं खाली पडलेलं. एकदा नाही, दोनदा.

शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तिनं मनाशी म्हटलं, लोखंडाला काय भ्यायचं! बॉनेट आडवं बाजल्यावर टाकलं, रंग उतरवायचं औषध ब्रशानं फासलं आणि खुरप्यासारखी पातळ पट्टी घेऊन बसली. चारी बाजूंना ऊस, सगळा उंच झालेला. रस्त्यावर माणूस नाही. त्या शांततेत रंग फुगताना बारीक करकर आवाज येतो, तेवढाच येत होता.

वरचा काळा थर दुधाच्या सायीसारखा सुरकुतला. तो हलक्या हातानं काढला, तर खाली पांढरा. वरचा रंग कुणीतरी स्वस्तातला मारलेला होता, म्हणून पांढऱ्याला धक्का न लागता सगळा निघून आला. आणि पांढऱ्यावर तांबडी अक्षरं दिसायला लागली. आधी 'रा', मग 'ज'. गाडीवर पोराबाळांची नावं घालतात, त्यात विशेष काही नाही. तिनं शंभर नावं उतरवली असतील ह्या हातांनी. पट्टी पुढं सरकत गेली. राजलक्ष्मी. नावाच्या शेवटी एक काळा ठिपका होता. तिला वाटलं, औषधाचा डाग. बोटानं पुसला, निघाला नाही. वाकून बघितलं.

अंगठा होता. काळ्या रंगात बुडवून उमटवलेला, सगळ्या रेघा स्पष्ट. आणि त्या रेघांतून आडवी तिरपी गेलेली एक कोरी फट.

दगडाबाईचे हात जागच्या जागी थांबले. सोनमचं बारसं झालं त्या दिवशी महिपतीनं जीपवर पोरीचं नाव घातलं होतं, आणि ते झाल्यावर काळ्या रंगात अंगठा बुडवून नावाच्या शेवटी ठेवला होता. ती लेकराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. हे काय, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, पोरीला तीट लावतेस, मग नावाला नको का? त्याचा उजवा अंगठा लहानपणी कडबा कुट्टीत सापडला होता. त्याच्यावर असाच तिरपा वण होता.

तिनं स्वतःचा अंगठा त्या ठशावर ठेवला. उन्हानं पत्रा भाजत होता, पण तेवढी जागा गार लागली. ती आजही शपथेवर सांगते, गार होती.

तरी मन मानायला तयार होईना. अंगठा कापलेला माणूस काय जगात एकच असतो? पांढऱ्याच्या खाली काय आहे ते बघायलाच पाहिजे होतं. तिनं राजलक्ष्मीला हात न लावता खालच्या अंगाला औषध फासलं. पांढरा थर जाड होता, घट्ट बसलेला, तिला रेटून खरवडावं लागलं. खाली हिरवा निघाला. हिरव्यावर पिवळी अक्षरं. ती पुसट झाली होती, पण आईला लेकीचं नाव वाचायला किती वेळ लागतो? सोनम. आणि शेवटी काळा अंगठा, तोच तिरपा वण.

दोन अंगठे चार बोटांच्या अंतरावर, एकाच पत्र्यावर, एकाच माणसाचे. आधी एका लेकीचं नाव घातलं. मग स्वतःच्या हातानं त्याच्यावर पांढरा फासला आणि दुसरीचं घातलं. तिलाही तीट लावली.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगू! जिते हायती, मी म्हणत होते ना, जिते हायती! एवढंच डोक्यात घुमलं, आणि ती त्या उन्हात एकटीच हसली. मग दुसरं नाव हळूहळू डोक्यात शिरलं, आणि ती बाजल्याच्या कडेला बसली ती ऊन उतरेपर्यंत उठलीच नाही. पिंपातला फेस फुटत होता, त्याचा आवाज तिला ऐकू येत होता. बारा वर्षं ती वाकलेला पत्रा शोधत होती, रक्ताचा डाग शोधत होती. ह्या बॉनेटला साधा चरा नव्हता.

तिनं इस्माईलभाईंना फोन लावला. आवाज अगदी साधा ठेवून विचारलं, की हे बॉनेट कुठल्या जीपचं? इस्माईलभाईंना तिच्या नवऱ्याची ओळख नव्हती, ते इथं यायला लागले ते तो गेल्यानंतर. त्यांनी मोकळेपणानं सगळं सांगितलं. करमाळ्याकडच्या एका वस्तीवरची गाडी, मालक स्वतः चालवत घेऊन आला, बोलका माणूस होता. बरोबर नऊ-दहा वर्षांची पोरगी होती. गाडी द्यायची वेळ आली तशी ती बॉनेटला मिठी मारून बसली, माझी गाडी म्हणून रडायला लागली, काही केल्या सोडीना. शेवटी बापानं उचलून नेली. दगडाबाईनं विचारलं, त्या माणसाच्या अंगठ्याला वण होता का? इस्माईलभाई म्हणाले, होता, कागदावर सही करताना दिसला होता.

"वैनी, वळखीचा हाय का माणूस? माझ्याकडं नंबर हाय त्येचा. देऊ?"

"नगं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तसंच पदरानं हात पुसत ती मोहनरावांच्या दारात गेली. म्हणाली, सोमवारचं करा. मोहनरावांनी डोळ्याला रुमाल लावला. त्यांना वाटलं, बाईनं अखेर मन घट्ट केलं. घट्टच केलं होतं. पण कशासाठी, ते त्या माणसाला काय ठाऊक! तिला आता महिपतीला जाळायचं होतं. जिता आहे हे पक्कं माहीत असताना जाळायचं होतं. करमाळ्याच्या वस्तीवर भर दुपारी त्याचं अंग पेटावं, पाणी टाका म्हणून त्यानं ओरडावं, आणि आपण इथं ओढ्याच्या काठाला हात बांधून उभं राहावं. दोन दिवस तिच्या मनात दुसरं काही आलं नाही. सोनमनं विचारलं, आई, तू बोलत का नाहीस, तर तिनं पोरीला जेवण वाढलं आणि दुसरीकडं बघितलं.

सोमवारी दुपारी भावकी ओढ्याकाठी जमली. एरवी बायका तिथं जात नाहीत, पण हिला बोलावणंच होतं, आणि सोनम आईचा हात सोडायला तयार नव्हती. पुतळा तिरडीवर निजवला होता. पळसाची पानं दोऱ्यानं गुंडाळून हात, पाय, छाती केलेली. अंगात महिपतीचा निळा शर्ट, सगळी बटणं लावलेली. नारळावर कुणीतरी हौसेनं टोपी घातली होती. दगडाबाईनं बघितलं आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं रिकामा टांगलेला शर्ट आज भरलेला होता. वाऱ्यानं आतली पानं हलत होती आणि छाती वरखाली होत होती.

मोहनरावांचा थोरला मुलगा शिवम पेटता टेंभा घेऊन उभा होता. अग्नी तोच देणार होता. गुरुजींनी सांगितलं, नाव घेतलं की मग मागं फिरता येत नाही, म्हणून आधी विचारतो. बाई, तुमचं काय म्हणणं?

सगळे तिच्याकडं बघायला लागले. होकार अगदी ओठावर आला होता. पण तिला शर्टाच्या जागी बॉनेट दिसलं, आणि त्याला मिठी मारून बसलेली एक परकी पोर. ती पोर कशी दिसते हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला सोनमच दिसली, आठ वर्षांची. बाप येईल म्हणून रस्त्याच्या कडेला दप्तर घेऊन बसायची ती सोनम. तसली आणखी एक करायची? ह्या हातानं?

"त्यो जिता हाय," ती म्हणाली.

मोहनरावांनी कपाळावर हात मारला. भावकीत कुजबुज झाली. पुन्हा तेच, पुन्हा पहिल्यापासून! शिवमनं टेंभा खाली केला. गुरुजी पोथी गुंडाळायला लागले.

दगडाबाई पुढं झाली. तिनं पुतळ्याच्या डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. शर्टाची बटणं एकेक करून काढली, शर्ट ओढून घेतला आणि घडी घालून मोहनरावांच्या हातात दिला. मग आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून त्या पानांच्या गळ्यात घातलं. हातातल्या हिरव्या बांगड्या दगडावर न फोडता एकेक उतरवून पानांच्या हातांत सरकवल्या. शेवटी पदराच्या टोकानं कपाळ पुसलं, जोर लावून, गंज पुसावा तसं, आणि ते कुंकू नारळाला लावलं. काय चाललंय हे कळेपर्यंत तिरडीवर बाईमाणूस निजलं होतं.

"त्येच्या नावानं नगं," ती गुरुजींना म्हणाली. "माझ्या नावानं करा. त्येची बायकू मेली."

गुरुजी उठून चार पावलं मागं सरले. हे शास्त्रात नाही म्हणाले, मी असलं करणार नाही म्हणाले. मोहनरावांनी तिला दंडाला धरलं, दगडाबाई, शुद्धीवर या, जित्या माणसाचं असं करत नाहीत, आबांची गोष्ट तुम्हालाच ठाऊक आहे. तिला ठाऊक होतीच की! म्हणून तर तिनं सोनमकडं एकदा नीट बघून घेतलं. मग शिवमच्या हातातला टेंभा काढून घेतला आणि स्वतःच लावला.

पळसाची पानं अर्धी ओली होती. आधी नुसता धूर झाला, मग एकदम भडका उडाला. बांगड्या तडतडल्या. ती अगदी जवळ उभी राहिली, आणि मरण यायची वाट बघायला लागली. तिला खरंच वाटत होतं की आता येईल. पायाच्या तळव्यांपासून ऊब चढत वर आली, गुडघे, पोट, छाती, आणि गळ्यापाशी येऊन थांबली. कानात उसाचा सळसळाट झाला, पण ऊस तर ओढ्याच्या पार पलीकडं होता. माणसं मागं हटत गेली. कुणी तिला हात लावायला धजेना, फक्त सोनम तिचा पदर धरून उभी होती. नारळ फुटला तेव्हा दगडाबाईच्या डोक्यातून एक कळ सरळ आरपार गेली. डोळ्यांपुढं काळं झालं, आणि ती पडता पडता सावरली.

मग काही नाही. राख झाली. तिनं श्वास घेतला, तो आत गेला.

माणसं पांगली. मोहनराव शर्ट छातीशी धरून मान खाली घालून गेले. मायलेकी उसामधल्या वाटेनं घरी निघाल्या. वाटेत वस्तीवरची एक म्हातारी शेळ्या घेऊन समोर आली. तिला ओढ्यावरची बातमी आधीच कळली होती. तिनं दगडाबाईच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं, मग नजर खाली टाकून पावलांकडं बघितलं, पुढं आहेत की मागं. पावलं पुढंच होती. तरी म्हातारी शेळ्यांसकट बांधावर चढून त्यांना वाट देऊन उभी राहिली.

घराचा वास यायला लागला तेव्हा सोनम थांबली.

"आई, मला खरं सांग. आपले बाबा मेलेत का?"

दगडाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात चांगला ऊन होता.

"न्हाय गं. तुझा बाप जिता हाय, तुला एक भैन बी हाय, राजलक्ष्मी नावाची. मी मेले," ती म्हणाली. "चल बिगीबिगी, सकाळपासनं पोटात काय न्हाय, लई भूक लागलीया."